सायनस लिफ्ट: पापुद्रा फाटला तर, आणि न फाटताही

आत्याच्या वरच्या जबड्यातली उजवीकडची दाढ सात वर्षांपूर्वी काढली. "मागची तर आहे, कुणाला दिसतेय?" म्हणून ती जागा तशीच राहिली. यंदा तिथे इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर दात) बसवायचं ठरवून ती दवाखान्यात गेली आणि दोन कागद घेऊन परत आली. एकावर खर्चाचा अंदाज. त्यात इम्प्लांटच्या वर आणखी एक ओळ, ‘सायनस लिफ्ट’, आणि पुढे वेगळी रक्कम. दुसरा कागद संमतीपत्राचा. त्यावर काय काय बिघडू शकतं याची इंग्रजीत लांबलचक यादी.

"मला सायनस नाहीच मुळी," आत्या म्हणाली. "वर्ष वर्ष साधी सर्दी होत नाही. मग हे उचलणार काय?"

तो कागद तिला समजावताना मलाच बऱ्याच गोष्टी नीट कळल्या. यादीत सगळे धोके एकाखाली एक, एकाच मापाच्या अक्षरात छापलेले होते. त्यातला वरचेवर घडणारा धोका कुठला आणि खरं नुकसान करणारा कुठला, हे तिच्यावरून काही केल्या कळेना. हे दोन धोके वेगवेगळे आहेत, म्हणून हा लेख.

## सायनस प्रत्येकालाच असतो

आपल्याकडे सायनस हे दुखण्याचं नाव झालंय. "मला सायनस आहे" म्हणजे डोकं जड होतं, नाक चोंदतं. मुळात सायनस म्हणजे कवटीच्या हाडातली हवेनं भरलेली पोकळी. अशा पोकळ्या बऱ्याच आहेत. त्यातली सगळ्यात मोठी गालामागे, वरच्या जबड्याच्या हाडात, डोळ्याच्या खाली आणि वरच्या दाढांच्या अगदी डोक्यावर. प्रौढ माणसात तिच्यात साधारण १२ ते १५ मिलिलिटर हवा मावते, म्हणजे खोकल्याच्या औषधाचं टोपण भरून सव्वा-दीड टोपण.

१६५१ साली नॅथनिएल हायमोर या इंग्रज वैद्यानं या पोकळीचं सविस्तर वर्णन छापलं. त्यात एका बाईची हकिगत आहे. तिचा वरचा सुळा काढल्यावर त्या भोकातून पू येत राहिला. तिनं आत चांदीची सळई घालून पाहिली, तर ती पार डोळ्यापर्यंत वर गेली. मग पिसाची काडी घातली, तीही शिरतच गेली. आता मेंदूपर्यंत पोचली की काय, या भीतीनं बाई हायमोरकडे आली, आणि तिथे पोकळी असतेच हे त्यानं तिला समजावलं. पावणेचारशे वर्षांनी आत्याला सांगायचं होतं ते हेच.

पोकळीला आतून एक नाजूक अस्तर असतं. त्याला आपण पापुद्रा म्हणू. निरोगी माणसात तो बहुतेक वेळा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यावर सूक्ष्म केस असतात आणि ते आत तयार होणारा चिकट द्रव सतत ढकलत नाकात आणून सोडतात. गंमत अशी की नाकात उघडणारं भोक पोकळीच्या तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे. न्हाणीघराची मोरी छताजवळ असावी आणि पाणी भिंतीवर चढवून तिथे न्यावं लागावं, तसा हा कारभार. ही मोरी आणि ते केस धडधाकट असतील तोवर कुणाला काही कळत नाही. पुढे हीच मोरी महत्त्वाची ठरणार आहे.

## दाढ गेल्यावर हाड जातं कुठे?

दाढेची मुळं हाडात रुतलेली असतात आणि चावताना बसणारा दाब हाडाला जागं ठेवतो. दाढ काढली की ते हाड हळूहळू झिजतं. वरच्या जबड्यात झीज दोन्हीकडून होते: खालून हिरडीकडचा कडा उतरतो आणि वरून सायनसचा तळ खाली येतो. वर्षं गेली की दोघांच्या मधे हाडाचा पातळ थर उरतो. आत्याच्या स्कॅनमध्ये तो ४ मिलिमीटर होता.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. नेहमीच्या स्क्रूची लांबी ८ ते १२ मिलिमीटर. चार मिलिमीटर जाडीच्या फळीत दहा मिलिमीटरचा स्क्रू पिळला तर काय होईल, हे कुठलाही सुतार सांगेल. म्हणून आधी फळी जाड करायची. त्यासाठी जागा एकच, वरची, सायनसमधली.

## उचलतात ते नेमकं काय?

उचलतात तो पापुद्रा. गालाच्या आतून हिरडी बाजूला करतात, दाढेच्या वरच्या हाडाला छोटी खिडकी पाडतात, पापुद्रा हाडापासून अलगद सोडवून वर सरकवतात आणि खाली झालेल्या जागेत हाडाचे कण भरतात. या कणांना आपण भर म्हणू. मग हिरडी शिवून टाकतात. सहा ते नऊ महिन्यांत त्या भरीत आपलं हाड उगवतं. मूळचं हाड पुरेसं असेल तर इम्प्लांट त्याच दिवशी बसतं, नाहीतर या प्रतीक्षेनंतर. ही पद्धत १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या हिल्ट टेटम यांनी सुरू केली. १९८० साली बॉइन आणि जेम्स यांनी ती पहिल्यांदा शोधनिबंधात मांडली.

दुसरी पद्धत रॉबर्ट समर्स यांनी १९९४ मध्ये मांडली. तिच्यात खिडकी नाही. इम्प्लांटसाठी पाडलेल्या भोकातूनच, खालून हलके ठोके देत सायनसचा तळ दोन-तीन मिलिमीटर वर उचलायचा. ढोबळ हिशेब असा: हाड ५ मिलिमीटरहून कमी असेल तर बाजूची खिडकी, ५ ते ८ असेल तर खालून, त्याहून जास्त असेल तर बहुधा काहीच नको.

पापुद्रा सोडवणं किती नाजूक काम आहे? दंतवैद्य त्याचा सराव कच्च्या अंड्यावर करतात. कवच घासून चौकोन पाडायचा आणि आतलं पांढरं पातळ आवरण न फाडता कवचापासून वेगळं करायचं. घरी एकदा करून बघा. माझी तीन अंडी वाया गेली. चौथ्याची भुर्जी केली.

## पापुद्रा फाटला तर?

हीच सगळ्यात जास्त वेळा होणारी गुंतागुंत. बाजूच्या खिडकीच्या पद्धतीत दर चार-पाच शस्त्रक्रियांमागे एकदा पापुद्रा कुठेतरी फाटतो, असं बहुतेक पाहण्यांचं सार आहे. आकडा ऐकून आत्या खुर्चीत सरळ बसली. पण पुढचं ऐकणं जास्त महत्त्वाचं आहे.

चीर पाच मिलिमीटरच्या आत असेल तर पापुद्रा उचलला की त्याच्याच घडीत ती झाकली जाते, किंवा वर कोलॅजेन या प्रथिनाचा विरघळणारा तुकडा ठेवतात. त्या दिवशीच्या कामाला बाधा येत नाही. पाच ते दहा मिलिमीटरच्या चिरेला मोठं कोलॅजेनचं ठिगळ लागतं, कधी टाका. त्याहून मोठी चीर असेल आणि ठिगळ नीट बसत नसेल, तर शहाणा सर्जन भर न घालता हिरडी शिवतो आणि "काही महिन्यांनी पुन्हा बघू" म्हणतो. पापुद्रा पुन्हा धरतो. पेशंटला मात्र वाटतं, ऑपरेशन फसलं.

खरं फसतं ते वेगळ्या प्रकारे. चीर दिसलीच नाही, किंवा दिसूनही वरून भर घातली, तर कण सायनसमध्ये सांडतात. मोदकाची पारी फाटली आणि तरी आपण सारण दाबत राहिलो तर उकडताना जे होतं, तसंच. सांडलेले कण वर वाहून मोरीत अडकतात आणि पुढचे सगळे उपद्व्याप तिथून सुरू होतात.

"म्हणजे डॉक्टरचा हात कच्चा असला की फाटतो," आत्याचा निष्कर्ष. अनुभवानं फरक पडतोच. पण मुरलेल्या हातूनही फाटतो, कारण काही सायनस मुळातच अवघड असतात. तळाशी हाडाचे उभे पडदे असतात, शेताच्या बांधासारखे. लंडनच्या आर्थर अंडरवूड यांनी १९१० साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखले जातात. साधारण चारात एका सायनसमध्ये ते सापडतात आणि नेमके त्या बांधावरच पापुद्रा सोडवताना फाटतो. पूर्वी तिथे शस्त्रक्रिया झालेली असेल, पोकळी फार अरुंद असेल, पेशंट सिगारेट ओढत असेल, तरी धोका वाढतो. हाड कापायला फिरत्या ड्रिलऐवजी अल्ट्रासाउंडच्या कंपनांवर चालणारं पिएझो यंत्र वापरलं तर तो कमी होतो, कारण ते कडक हाड कापतं आणि मऊ भागाला सहसा धक्का लावत नाही.

म्हणून "फाटणार नाही ना?" हा प्रश्न विचारून फारसं हाती लागत नाही. त्याचं खात्रीचं उत्तर देणाऱ्याकडे मी तरी संशयानं बघेन. "फाटला तर तुम्ही काय करता, आणि मला सांगाल ना?" हे विचारावं. तोंडात बोट घालूनच काम करणारा डॉक्टर असला तरी त्यानं तोंडानं उत्तर द्यायला हवं.

## रक्त, सूज आणि चक्कर

खिडकी पाडतात त्या हाडाच्या भिंतीतून एक छोटी धमनी जाते. बहुतेकांत ती इतकी बारीक असते की थोडा वेळ दाबून धरलं की रक्त थांबतं. काहींत दोन-तीन मिलिमीटर जाड निघते, मग हाडावर लावायचं मेण किंवा डाग देण्याचं यंत्र लागतं. जिवावर बेतणारी ही गोष्ट सहसा नसते, पण रक्तानं काही दिसेनासं झालं की पापुद्रा फाटण्याची शक्यता वाढते. चांगल्या स्कॅनमध्ये ही धमनी आधीच दिसू शकते.

गाल सुजणं, डोळ्याखाली काळंनिळं होणं, एक-दोन दिवस त्या बाजूच्या नाकपुडीतून थोडं रक्त येणं, हे अपेक्षितच आहे. गालाला किंवा वरच्या ओठाला काही दिवस बधिरपणा येऊ शकतो. रेंगाळला तर दाखवायला हवं.

खालून ठोके देण्याच्या पद्धतीत एक विचित्र त्रास कधीमधी होतो. अंथरुणावर कूस बदलली की सगळं गरगर फिरतं. ठोक्यांनी आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागचे हलतात, म्हणून. पेशंटला वाटतं बीपी वाढलं किंवा झटका आला. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठरावीक क्रमानं फिरवून ते खडे पुन्हा जागी नेतात आणि बहुतेकांना एक-दोन बैठकींत आराम पडतो.

## पापुद्रा शाबूत, तरी त्रास

आता ती मोरी. समजा ती आधीपासूनच अर्धी तुंबलेली आहे: जुनी ॲलर्जी, नाकातलं वाढलेलं मांस, शेजारच्या किडलेल्या दाढेच्या मुळातून वर झिरपणारा जंतुसंसर्ग. पेशंटला फार त्रास नसतो, कारण निचरा कसाबसा चालू असतो. त्यात शस्त्रक्रियेची सूज आली, पापुद्रा जरा जास्तच वर उचलला गेला, भर गच्च कोंबली, की मोरी बंद. साचलेल्या द्रवात जंतू वाढतात. मग गाल ठणकतो, वाकलं की दुखतं, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पू येतो.

भरीला जंतू लागले तर प्रकरण जास्त चिवट. नव्या भरीत रक्तवाहिन्या उगवलेल्या नसतात, त्यामुळे गोळीतलं अँटिबायोटिक रक्तातून तिथे पोचतच नाही. बाहेरून पाण्याचा मारा केला तरी पोत्याच्या मधली वाळू कोरडीच राहावी, तसं. मग भर खरवडून काढावी लागते, कधी अर्धी, कधी सगळी. असा संसर्ग होतो शंभरात पाचाहून कमी जणांना, पापुद्रा फाटण्यापेक्षा कितीतरी कमी. पण महिने आणि पैसे वाया घालवणारा हाच.

यातला बराचसा भाग आधी टाळता येतो. त्यासाठी स्कॅन फक्त हाड मोजण्यापुरता पाहून चालत नाही. पापुद्रा फुगलाय का, पोकळीत काही साचलंय का, मोरी उघडी आहे का, हेही त्यात दिसायला हवं. साधा गोल फिरणारा एक्सरे, म्हणजे ओपीजी, सपाट चित्र देतो. त्यात हे कळत नाही. जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, सीबीसीटी, लागतो. त्यात गडबड दिसली तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग दंतवैद्य. आत्याच्या शेजारच्या दाढेच्या मुळाशी पू दिसला होता. तिचं रूट कॅनाल आधी, बाकी नंतर, असा क्रम लागला.

मधुमेह आवरलेला नसेल तर तो आधी आवरावा लागतो. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसनं, म्हणजे काळ्या बुरशीनं, महाराष्ट्रात कित्येकांचे वरचे जबडे गेले. दाढा हलायला लागल्या म्हणून दंतवैद्याकडे गेलेल्यांना सायनसमधली बुरशी तिथे कळली. सायनस लिफ्टनं तो आजार होतो असं मुळीच नाही. पण दाढ आणि सायनस किती सख्खे शेजारी आहेत आणि वाढलेली साखर तिथे काय करू देते, हे तेव्हा घराघरांत कळलं होतं.

## इम्प्लांटच वर निघून गेलं तर?

यादीतली ही ओळ आत्यानं बोट ठेवून विचारली. होय, असं होतं. मूळचं हाड फार कमी असताना, सैल बसलेलं इम्प्लांट सायनसमध्ये सरकतं, कधी बसवतानाच, कधी काही महिन्यांनी. दुखेलच असं नाही, आणि म्हणूनच "राहू दे" म्हणायचा मोह होतो. राहू देऊ नये. तिथे ते बाहेरची वस्तू म्हणून जंतूंना थारा देतं, फिरत राहतं. काढण्यासाठी बाजूच्या खिडकीतून किंवा नाकातून दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करतात.

चार मिलिमीटर हाडात "एकाच दिवसात सगळं करून टाकू" असं कुणी म्हणालं, तर इम्प्लांट घट्ट बसेल कशाच्या जोरावर, हे विचारावं. दोन टप्प्यांत केल्यानं दवाखान्याच्या फेऱ्या आणि वाट बघणं वाढतं, एवढंच.

## "ते हाड कुणाचं?"

हा प्रश्न संमतीपत्रात नव्हता, तो आत्याचा. भर चार प्रकारची असते: आपल्याच जबड्यातून खरवडलेली, दुसऱ्या माणसाच्या दान केलेल्या हाडाची, प्राण्याच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली, आणि प्रयोगशाळेत केलेली कॅल्शियमची. यात गायी-बैलांच्या हाडापासून केलेली भर जगभर खूप वापरली जाते. तिच्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो, फक्त खनिजाचा सांगाडा उरतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. वैद्यकीय दृष्ट्या ती चांगलीच आहे. पण ज्याच्या तोंडात ती जाणार त्याला हे आधी सांगायला हवं, आणि अनेकदा कुणी सांगत नाही. वरून ठेवायचं कोलॅजेनही बहुधा प्राण्यांपासूनच केलेलं असतं. आत्यानं कृत्रिम भर मागितली. डॉक्टरांनी हो म्हटलं. प्रश्न पाच मिनिटांत मिटला.

## "एवढं असेल तर नकोच ना?"

नको म्हणायला जागा आहे. आजूबाजूचे दात धरून ब्रिज करता येतो, त्यासाठी ते दात घासावे लागतात. काढता-घालता येणारी कवळी आहे. हाड पाच-सहा मिलिमीटर असेल तर हल्ली सहा मिलिमीटरची आखूड इम्प्लांट मिळतात. त्यांना सायनसच्या वाटेला जावं लागत नाही, गुंतागुंत कमी होते आणि पहिल्या काही वर्षांत ती लांब इम्प्लांटइतकीच टिकतात असं अनेक चाचण्यांत दिसलंय. हाड अजिबातच नसेल तर गालाच्या हाडात रोवायची लांब इम्प्लांट असतात, पण ते काम मोठं. शेवटची दाढ असेल आणि चावायला अडत नसेल, तर काहीच न करणं हाही पर्याय आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नीट निवडलेल्या पेशंटमध्ये सायनस लिफ्टनंतर बसवलेली शंभरातली नव्वदहून जास्त इम्प्लांट वर्षानुवर्षं टिकतात. पापुद्रा फाटून नीट दुरुस्त झालेल्यांतही बहुतेकांची टिकतात.

## शिंक, शंख आणि कपालभाती

शस्त्रक्रियेनंतरचे दोन ते चार आठवडे पथ्य एकाच गोष्टीचं: नाकातोंडात हवेचा दाब वाढू द्यायचा नाही. दाबानं पापुद्रा फडफडतो, टाके ताणतात, भर हलते. म्हणून नाक शिंकरायचं नाही, नुसतं पुसायचं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नाक दाबून गिळायची नाही. स्ट्रॉनं पिणं, फुगे फुगवणं, जड उचलणं बंद. विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच. छापील सूचनांत इतकंच असतं. आपल्याकडच्या यादीत कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, बासरी, सनई आणि तुतारीही हवी. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी जखम भरायला उशीर होतो, तेही बंद. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनानं थांबवायची नाही. हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारायचं.

नाकातून वाळूसारखे कण येऊ लागले, ताप आला, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली, पाणी पिताना नाकातून आलं, की त्याच दिवशी फोन करायचा. आणि वर्षभरानंतरही एकाच बाजूचं नाक वाहत असेल, घाण वास येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना "त्या बाजूला इम्प्लांट आहे" हे आपण होऊन सांगायचं. एका बाजूच्या सायनसच्या त्रासाचं मूळ पुष्कळदा दातात असतं आणि नाकाची औषधं घेत महिने जातात.

आत्यानं सगळं वहीत लिहून घेतलं, दवाखान्याला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "आरतीला शंख आमच्याकडे मीच वाजवते, ते किती दिवस बंद?" पलीकडून महिनाभर असं उत्तर आलं. तारीख अनंत चतुर्दशीनंतरची पडली आहे.